दुसऱ्या बटणाचा दोरा

आमच्या ह्यांना रंग उडालेलं कापड बघवत नाही. लग्न होऊन मी चामराजपेटेत आले तेव्हा माहेरून आणलेली माझी एक विटकी निळी साडी ह्यांनी मला न विचारता रंगाच्या हंड्यात बुडवून काढली, आणि वर कौतुकाची वाट बघत दारात उभे राहिले. ती साडी माझ्या आईची होती. मी काही बोलले नाही, नवी नवरी होते. घराणंच रंगाऱ्यांचं. सासऱ्यांच्या वेळेस मागच्या अंगणात हंड्यांची रांग होती म्हणतात. आता पुढे ड्राय क्लीनिंगचं दुकान आहे, मागे एकच हंडा उरलाय, आणि त्याच्यावर ह्यांचा जीव.

तो कोट आणला तनय नावाच्या मुलानं. पुण्याचा, कंपनीत नोकरीला, कोरमंगल्यात भाड्यानं राहणारा. चिकपेटेतल्या रविवारच्या बाजारात जुन्या कपड्यांच्या ढिगात त्याला हा लष्करी कोट मिळाला होता. जाड लोकरीचा, हिरवट, पितळी बटणांचा. ऑफिसात वेगवेगळे वेष करून यायचा काहीतरी कार्यक्रम होता, त्यासाठी बाह्या कापून हव्या होत्या. ह्यांनी सवयीनं कॉलर उलटली, तर आत शाईनं इंग्रजीत लिहिलेलं, व्यंकटेश. खाली नंबर होता, तो मात्र घासून गेलेला. झालं, ह्यांचा पारा चढला. कुणीतरी हा अंगावर घालून थंडीत उभा राहिला असेल, आणि तू हा घालून नाचणार का, असं त्याला दुकानातच सुनावलं. पोरगा भला होता. म्हणाला, "काका, सॉरी, मला खरंच क्लिक झालं नाही. तुम्हीच शोधा मालकाला." आणि कोट ठेवून गेला.

तेव्हापासून ह्यांना दुसरं काही सुचेना. माजी सैनिकांच्या एका संघटनेचं कार्यालय शोधून काढलं. तिथे बिंदुमाधव नावाचे निवृत्त सुभेदार भेटले. त्यांनी बटणांवरचं चिन्ह बघून पलटण सांगितली, आणि कोट एकाहत्तरच्या लढाईच्या सुमाराचा असावा असा अंदाज केला. मग सुरू झाली व्यंकटेशांची मोजदाद. जयनगरचे एक व्यंकटेश लुंगीवर दार उघडून म्हणाले की त्यांचा कोट त्यांच्याच कपाटात आहे, तुम्ही काय विकायला आलात. यलहंकाच्या व्यंकटेशांच्या घरी दोन तास बसून कॉफी पिऊन झाल्यावर कळलं की ते आरमारात होते. मी चिडवायची, की ह्या गावात आता एकही व्यंकटेश तुमच्या तावडीतून सुटायचा नाही. पण खरं सांगते, मला अभिमान वाटत होता. दुकान बंद करून हा माणूस बस बदलत कुणा परक्याच्या दाराशी जातो, हे मी गल्लीत सगळ्यांना सांगत होते.

शेवटी बिंदुमाधवांचाच फोन आला. हनुमंतनगरचा एक व्यंकटेश एकाहत्तरमध्ये गेला तो परत आला नव्हता. त्याची बायको सावित्रीबाई हयात होती. आपल्यासारखीच, पिढ्यानपिढ्या इथे राहिलेली मराठी माणसं.

ह्यांनी लगेच फोन लावला. आधी नात बोलली, काव्या. तिनं सगळं सांगितलं. आजोबांचा देह आला नाही, नुसती ट्रंक आली. ट्रंकेत सगळ्यात वर कोट होता. पुढे भावाभावांच्या वाटण्या झाल्या, घर रिकामं करताना ट्रंक भंगारात गेली, आणि आजीला कळलं तेव्हा उशीर झाला होता. आजीकडे आता एक फोटो सोडला तर त्यांचं काही म्हणजे काही नाही. जुन्या कपड्यांचा ढीग दिसला की ती अजून थांबते. मग सावित्रीबाईंनीच फोन घेतला. आवाज बारीक, पण शब्द स्पष्ट.

"अण्णा, कोट जसा आहे तसाच ठेवा. त्याला काही करू नका. मी रविवारी येते."

फोन ठेवला आणि हे उठून मागे गेले ते हंड्याखाली शेगडी पेटवायला. मी म्हटलं, अहो, काही करू नका म्हणाल्या ना त्या. तर म्हणाले, "अगं, असं म्हणायचं असतं. त्या कशाला आपल्याला त्रास देतील? आणि विटका कोट त्यांच्या हातात द्यायचा? रंगाऱ्याच्या घरून?"

मला ते पटलं. आमच्याकडे तसंच आहे. पाहुणा नको म्हणाला की आम्ही वाढतो, पुन्हा नको म्हणाला की आणखी वाढतो, आणि पहिल्याच नकोला जो थांबला तो कंजूष. मी जन्मभर असंच वाढत आले. म्हणून मी गप्प बसले.

रंगाच्या आधी बटणं काढतात, नाहीतर पितळ काळवंडतं. ती काढायचं काम मी आणि हे दोघं बसून करत होतो. वरून दुसरं बटण लाल दोऱ्यानं शिवलेलं होतं. हिरव्या कोटावर लाल दोरा, तोही जाडजूड, पुन्हा पुन्हा फिरवलेला, मागे मिरीएवढी गाठ. हे म्हणाले, "कुठल्या वेंधळ्यानं शिवलंय हे?" आणि हसले. मीही हसले. गाठ सुटेना तेव्हा कात्रीचं टोक मीच घातलं. दोरा बटणांच्या डब्यात टाकला, कारण दोरा फेकायची मला सवय नाही.

लोकर आटू नये म्हणून ह्यांनी मंद आचेवर कोट फिरवला, सावलीत वाळवला. कॉलरमधली शाई रंगाखाली गेली. मी म्हटलं, नाव गेलं की हो. ह्यांनी मोबाइल दाखवला, फोटो आहे म्हणाले. बटणं चिंचेनं घासून लखलखीत केली आणि कोटाच्याच रंगाच्या दोऱ्यानं पुन्हा लावली. कोट दिसायला सुरेख झाला होता. तो बघून माझेसुद्धा डोळे भरून आले, आता त्याचीच लाज वाटते.

रविवारी ह्यांनी अर्धी गल्ली बोलावली. गणपती मंडळाचे उपेंद्र शाल आणि नारळ घेऊन आले. दुकानासमोर खुर्च्या मांडल्या. मी उप्पिट आणि केसरीभात केला. सावित्रीबाई नातीचा हात धरून आल्या. लहानशा चणीची, साध्या सुती साडीतली बाई. ह्यांनी कोट त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी आधी पदराला हात पुसले.

त्यांची बोटं कुठे शोधत गेली नाहीत. सरळ दुसऱ्या बटणावर गेली. त्यांनी ते उलटं करून पाहिलं. मग पहिलं पाहिलं, तिसरं पाहिलं, पुन्हा दुसरं. कोट डोळ्यांजवळ नेला. आम्ही सगळे टाळ्या वाजवायच्या बेतात उभे होतो.

"अण्णा," त्या हळूच म्हणाल्या, "हा त्यांचा न्हवे."

मग त्यांनी सांगितलं. रजा संपवून ते निघाले त्या सकाळी बटण लोंबत होतं. लग्नाला थोडेच महिने झालेले. घरात हिरवा दोरा नव्हता, म्हणून सावित्रीबाईंनी आपल्या चोळीचा लाल दोरा घेतला. ते म्हणाले, राहू दे, पलटणीत हसतील मला. त्या म्हणाल्या, हसू देत, सांगा बायकोनं शिवलंय. तुटू नये म्हणून गाडीची वेळ होईपर्यंत दोरा फिरवत राहिल्या. ट्रंक आली तेव्हा त्यांनी सगळ्यात आधी ते बटण पाहिलं होतं. ते तसंच होतं.

काव्यानं ह्यांच्या मोबाइलमधला कॉलरचा फोटो पुढे केला. सावित्रीबाईंनी मान हलवली. व्यंकटेश ह्या गावात ढीगभर, म्हणाल्या. मग ह्यांचा पडलेला चेहरा बघून त्याच ह्यांची समजूत घालू लागल्या.

"परक्यासाठी एवढे कष्ट केलेत अण्णा, देव भलं करो. हा दुसऱ्या कुणा बाईचा असेल. तिला शोधा. तीही वाट बघत असेल की."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी ह्यांच्याकडे पाहिलं. बटणांचा डबा सावित्रीबाईंच्या डोक्यामागे, दुकानाच्या फळीवर होता. मी हात वर केला असता तर पोचला असता. आम्ही दोघंही बोललो नाही. उपेंद्रांना शालीचं काय करावं कळेना, त्यांनी ती सावित्रीबाईंना पांघरली, आणि दोनचार टाळ्या पडल्या. मी केसरीभात वाढायला गेले. त्या "पुरे" म्हणाल्या आणि मी हात आखडला. वाढताना पहिल्याच नकोला मी आयुष्यात प्रथमच थांबले.

सगळे गेल्यावर हे जेवले नाहीत. एवढ्या लोकांत कसं बोलू, म्हणाले. मग म्हणाले, लाल दोरा काय, कुणीही लावला असेल, कदाचित खरंच दुसऱ्याचा असेल. मी डबा आणून त्यांच्यापुढे उघडून ठेवला. दोऱ्याची वेटोळी अजून तशीच होती, इतकी वर्षं वळून राहिलेली. हे त्याच्याकडे बघत बसले, आणि मग तोंड फिरवून रडले. मला त्यांना धीर देववेना. कात्री माझ्या हातात होती.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं नाही. कोट आणि कागदाच्या पुडीत दोरा घेऊन रिक्षानं हनुमंतनगरला गेलो. जिन्यात मला वाटत होतं, घरी कुणी नसावं.

सावित्रीबाई भाजी निवडत होत्या. हे, ज्यांचं तोंड गल्लीत कुणी धरू शकत नाही, ते उंबऱ्याशीच उभे राहिले.

"अक्का, कोट त्यांचाच आहे. लाल दोरा होता. आम्ही काढला." मग म्हणाले, "हसलो पण त्याला."

काव्या म्हणाली, अज्जीनं फोनवर सांगितलं होतं ना. हे हो म्हणाले. काल त्यांच्यासमोर आम्ही मुद्दामच तोंड उघडलं नाही, हे त्यांना आपलं आपण कळलं, तेही मी त्यांच्या चेहऱ्यावर पाहिलं.

सावित्रीबाईंनी पुडी घेतली. दोरा उचलून तळहातावर ठेवला, मग बोटाभोवती फिरवला. वेटोळं बरोबर बसलं. मी कोट त्यांच्याजवळ ठेवला. त्याला त्यांनी हात लावला नाही.

"दोरा माझा आहे," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. "कोट न्या अण्णा. तो तुम्ही तुमचा केलात."

काव्यानं, राग आला होता तरी, कॉफी करू का म्हणून विचारलं. आम्ही दोघंही सवयीनं एकदमच नको म्हणालो. तरी ती आत वळली, तेव्हा सावित्रीबाईंनी तिला थांबवलं.

"राहू दे. नको म्हणाले ते."

आम्ही खाली उतरलो. कोट ह्यांच्या हातावर होता. रिक्षावाल्यानं आरशातून बघून विचारलं, कोट छान आहे, नवा शिवून घेतला का. हे हो म्हणाले.