पाळीवरून आलेलं घर

ताटात वरण ओतता ओतता रंजीताचा हात थांबला.

"आलं का जी?"

धनराजनं मोबाइल पालथा घातला. "जेवू दे ना," तो म्हणाला. ग्रुपवर घराचं चित्र आलं होतं आणि ते मैनाबाईच्या नंबरवरून आलं होतं. मैनाबाईला वाघानं नेलं त्याला आता पावसाळा उलटून गेला होता.

धनराज म्हणजे काही मोठी असामी नव्हे. नागभीडकडच्या जंगलाला लागून असलेल्या त्या गावात त्याची धानाची गिरणी. दिवसभर कोंड्यात बसायचं आणि भुवया पांढऱ्या करून घरी यायचं, असा त्याचा संसार. गावात गस्तीचं पथक निघालं तेव्हा बरा मोबाइल असलेल्या माणसांत तो सापडला आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपचा अ‍ॅडमिन झाला. पाटीलकी मिळाल्यासारखा थोडे दिवस मिरवलाही. मग कळलं की ही पाटीलकी नाही, कोतवालकी आहे.

ग्रुपची रीत सोपी होती. तळ्यापलीकडच्या टोलीतल्या, म्हणजे छोट्या वस्तीतल्या बाया मासोळीला, सरपणाला, मोहफुलाला जात. बहुतेकींना लिहिता येत नव्हतं. म्हणून निघताना पानाचं चित्र पाठवायचं आणि परत आल्यावर घराचं. वाघ दिसला तर लाल गोळा. मोबाइलमध्ये वाघाचं चित्र होतं, चांगलं पट्ट्यापट्ट्यांचं, पण म्हातारी बुधरी पहिल्याच दिवशी म्हणाली, "नाव घेतलं का येते तो. अन् तुमी त त्याचा फोटू पाठवून राह्यले." झालं, वाघ बाद झाला. दिवेलागणीला धनराज पानं आणि घरं जुळवून पाहायचा आणि सगळी जुळली की अंगठ्याचं चित्र टाकायचा. अंगठा पडला की गाव जेवायला बसायचं.

आता टोलीत रेंज नव्हती. रेंज होती तळ्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, तीही मोहाच्या झाडाखाली उभं राहिलं तरच. टोली तिथून पुढे, बेशरमाच्या झुडपांमधून जाणाऱ्या गाडीवाटेनं. घरी पोचून घर पाठवायचं म्हटलं तर ते जायचंच नाही. म्हणून बाया पाळीवरूनच घर पाठवत आणि मग घराकडे चालू लागत. हे सगळ्यांना ठाऊक होतं, धनराजलाही. पोचलोच की आता, असाच त्यांचा हिशेब. त्यात काही खोट आहे असं कुणाच्या मनातही आलं नाही.

त्या संध्याकाळी मैनाबाईनंही पाळीवरून घर पाठवलं. धनराजनं अंगठा टाकला, हात धुतले आणि जेवायला बसला. मासोळीचंच कालवण होतं आणि ती मासोळी सकाळी तिनंच दिली होती. तिकडे पाळ आणि टोली यांच्या मधल्या वाटेवर तिची टोपली पालथी पडली होती, शेजारी मोबाइल.

तेरवी झाली आणि तिच्या नंबरवरून रोज संध्याकाळी घर यायला लागलं. पान नाही, नुसतं घर. टोली हादरली. बुधरीनं तर निकालच लावला. वाघानं नेलेल्या माणसाचं मन घराच्या वाटेवरच राहतं, म्हणाली. मग एकेकीनं मोबाइलला हात लावणं सोडलं. कोण जंगलात गेलं, कोण आलं, काही कळेना. एकदा धनराज आणि पथकातली माणसं काठ्या आपटत रानभर एका बाईला शोधत होती, आणि ती माहेरी चिमूरला लग्नात जिलेबी खात होती. हसण्यावारी नेलं सगळ्यांनी. पण लगेच पाळीच्या चिखलात पंजे उमटलेले दिसले आणि धनराजचं हसू मावळलं. उद्या खरंच कुणी मागे राहिली तर आपल्याला कळणार कसं?

सकाळी चंदा धान घेऊन गिरणीत आली. टोलीतल्या बायांचं बोलणं पोचवायचं काम तिच्याकडे असे.

"काढून टाका तो नंबर, धनराजभाऊ. तुमी अ‍ॅडमिन हाव ना?"

"अवो, मोबाइल तिच्या नवऱ्याजवळ, सोमाजीभाऊजवळ हाय. तेच पाठवत असतीन."

"त्या मानसाले फोन उचलता येत नाई. वाजला का दुसऱ्याच्या हाती देते. तो का पाठवीन?" चंदानं पदर तोंडाशी धरला. "मैनाबाईचं घर येऊन राह्यलं तवरी आमी नाई पाठवत काई. सांगून ठेवते."

नंबर काढणं म्हणजे एका बोटाचं काम. धनराजनं ते दोनदा करायला घेतलं होतं आणि दोन्ही वेळा बोट मागे आलं होतं. काढलं की गावभरच्या मोबाइलवर ओळ येणार, धनराजनं मैनाबाईला काढलं म्हणून. एकदा अंगठा टाकून आपण तिला वाऱ्यावर सोडलं, आता पुन्हा आपल्याच हातानं बाहेर घालवायची? त्याचा जीव तुटायचा. रंजीताजवळसुद्धा तो हे बोलला नव्हता.

त्या दिवशी मात्र त्यानं गिरणी लवकर बंद केली आणि पाळीवर गेला. तळ्यातलं ऊन निघून गेलं होतं. मोहाच्या झाडाखाली सोमाजी उभा होता. जाळं ओढून ओढून जाड झालेल्या बोटांत त्यानं मोबाइल दोन्ही हातांनी धरला होता, पाण्यानं भरलेल्या वाटीसारखा.

"सोमाजीभाऊ, तुमीच पाठवता?"

"मंग कोन पाठवीन? रिना आलती गोंडपिपरीवरून. तिले म्हटलं, बाई, तुही माय कोनतं दाबे ते दाखवून दे मले."

"पन काऊन, भाऊ?"

सोमाजीनं हनुवटीनं टोलीकडची वाट दाखवली.

"ती इथून घर पाठवे अन् मंग निंगे. तिचं इथून पुढचं चालनं राह्यलं ना. त मी पाठवतो, अन् तिच्यासंगं घरापरेंत जातो." मग तो म्हणाला, "त्या दिवशी खाटेवर बसून होतो गा मी. सामोर यायले का झालतं मले?"

इतके दिवस दाबून ठेवलेलं बाहेर पडलं. "मी त जेवत होतो, भाऊ. अंगठा टाकला न् जेवाले बसलो."

"जेवाचा टाइम होता, त जेवशीनच," सोमाजी म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता आणि त्यामुळेच धनराजला वर बघवेना.

मग त्यानं कसंबसं बायांचं सांगितलं. त्यांना भीती वाटते, त्यांनी पान आणि घर पाठवणं सोडलं, पाळीवर पंजे दिसले.

"मैनीले भेतेत?" सोमाजीला खरंच नवल वाटलं. "ती त पान्यात साधा विरोळा साप निंगला तरी मले हाका मारे." तो हसला. झाडावर बगळे येऊन बसत होते. "काढून टाक मंग. जितेपनी तिनं कोनाले भेव नाई देल्लं. आज पाठवू दे पन."

त्यानं घराचं चित्र शोधलं. बोट भलतीकडेच पडत होतं, पण धनराजनं मदत केली नाही. घर गेलं. धनराजच्या खिशातला मोबाइल वाजला. त्यानं तो काढला, मैनाबाईचं नाव दाबून धरलं आणि या वेळी बोट मागे घेतलं नाही. दोघांच्या हातात एकदमच ओळ उमटली. सोमाजीनं आपला मोबाइल त्याच्यापुढे धरला.

"का लिहून आलं?"

धनराजनं ओळ वाचली. "सुट्टी झाली म्हनते तिची."

"बरं हाय," सोमाजी म्हणाला. "चाल, अंधार पडून राह्यला."

गाडीवाटेला दोन चाकोऱ्या होत्या. सोमाजी डावीकडच्या चाकोरीतून चालू लागला, तेव्हा धनराज साहजिकच उजवीकडच्या चाकोरीत आला.

"तिकून नोको गा. मागून ये."

धनराज मागे झाला. सोमाजी सावकाश चालत होता, ओझं घेतलेल्या माणसाच्या बरोबरीनं चालावं तसा. उजवीकडची चाकोरी मोकळी होती. झुडपांत काही सळसळलं की धनराज दचकून तिकडे पाही, पण सोमाजीनं एकदाही मान वळवली नाही. उद्यापासून दिवेलागणीला आपण पाळीवर उभं राहायचं आणि प्रत्येकीला दारापर्यंत पोचवून मगच अंगठा टाकायचा, असं चालता चालता धनराजनं मनाशी ठरवून टाकलं.

टोलीतल्या पहिल्याच घरापाशी सोमाजी थांबला. त्यानं दाराची ताटी सरकवली आणि बाजूला झाला. एक माणूस वाकून आत जाईल तेवढा वेळ तो तसाच ताटी धरून उभा राहिला. मग स्वतः आत गेला आणि ताटी लावून घेतली.