खिंडीतली केतकी

चुलीवरच्या किटलीचं झाकण खडखडलं आणि रेडिओभोवती गप्प बसलेले आम्ही सगळे दचकलो. पाठोपाठ ताईचा आवाज आला, "खिंड कशी आहे गं?"

माझी थोरली बहीण मिरियम विमान चालवते. आमची धावपट्टी डोंगराच्या कुशीत, चढावर आहे. नदीचं वळण ओलांडलं की विमानाला मागं फिरायला जागा नाही. म्हणून त्याआधीच ती खिंडीतलं आभाळ मला विचारते. आज माझ्या सासूबाईंना दवाखान्यात न्यायचं होतं. मांडीचं हाड मोडून त्या दाराशी कण्हत पडल्या होत्या.

शेजारच्या तिंदिवीकाकांनी माझ्या हातातला माइक ओढला. "मोकळी आहे पोरी, ये खुशाल!"

"काका, तुमचं आभाळ कधी भरलंय? मागं तुमची साखर संपली होती, तेव्हाही मोकळंच होतं. द्या बहिणीकडं."

सगळे हसले. कण्हता कण्हता सासूबाईसुद्धा.

"खिंडीतलं ते केतकीचं झाड दिसतं का?" ताईनं विचारलं.

मी खिंडीकडं पाहिलं, सासूबाईंकडं पाहिलं, पुन्हा खिंडीकडं. "नाही, ताई. नुसतं पांढरं आहे."

"मग वळते मी. उद्या उजाडताच येते. म्हातारीला जप."

ढगांवरची घरघर लांब गेली. "घाबरट निघाली तुझी बहीण," काका म्हणाले. "आणि तू सून आहेस की वैरीण?" सासूबाईंनी मात्र रात्रभर माझा हात सोडला नाही.

सकाळी केतकीचं पान न् पान दिसत होतं. ताई उतरली ती साखरेची पिशवी घेऊनच. "घ्या काका, आता तरी आभाळ खरं सांगा!"

स्ट्रेचर चढवताना ती मला म्हणाली, "खाली कुणी तळमळतंय हे कळलं ना, की मला ढग पातळ दिसायला लागतात. तेव्हा माझ्या डोळ्यांवर माझाच भरवसा नसतो. म्हणून झाड विचारते. आणि तुलाच विचारते."

सासूबाईंनी ते ऐकलं. जमलेल्यांकडं मान वळवून त्यांनी ठणकावलं, "ऐकलंत? हिच्या एका 'नाही'वर विमान वळतं. माझी सून आहे ती!"

माझा ऊर भरून आला. विमान उतारावरून सुटलं, केतकीवरून पार झालं. माझी छोटी लेक नेमा हिनं ते दिसेनासं होईपर्यंत हात हलवला, मग वर माझ्याकडं पाहिलं.

"आई, काल आजीच्या जागी मी असते, तरी तू नाहीच म्हणाली असतीस?"