हो आणि हौ

दुपारचा चहा झाला की हणमंतरावांना पत्ते लागत. मागायचे मात्र नाहीत. गॅलरीत जाऊन घराकडे पाठ करून बसायचे, आणि ती पाठ बघून शेवटी प्राजक्ताच कॅट काढायची. सासऱ्याची पाठ तरी किती वेळ बघणार माणूस!

खेळ पोकरचा. तारनाक्याला रेल्वेत आयुष्य काढलेल्या माणसाला पोकर कुठून लागला म्हणाल, तर मुलाने, पुष्करने, कॉलेजात असताना घरात आणलेलं हे खूळ. मुलगा नोकरीला पुण्याला गेला, खूळ बापाकडे राहिलं. दोघांना दोन-दोन पानं झाकलेली, मध्ये पाच उघडी, आणि लावायला चिंचोके. सासूबाईंनी चिंच निवडताना बाजूला काढून ठेवलेले चिंचोके. त्या गेल्या आणि डबा तेवढा फडताळात राहिला.

त्या गेल्या तेव्हाच प्राजक्ता इथे आली होती, दोन महिन्यांसाठी म्हणून. बाबा जरा सावरले की त्यांना घेऊन पुण्याला परतायचं, असं पुष्करने ठरवलं होतं. दोन महिन्यांचं दीड वर्ष झालं. पुष्कर तिकडे दोघांच्या फ्लॅटमध्ये ऐसपैस एकटा, आणि ही इकडे त्याच्या बापाच्या गोळ्यांच्या वेळा सांभाळतेय. बोलायला कोणी नाही. शेजारपाजारचं तेलुगू हिला कळत नाही, आणि रस्त्यावरची दखनी, म्हणजे इथली उर्दू-हिंदी, कळते पण जिभेवर येत नाही. पुण्यात ती एका स्टुडिओत बोलक्या पुस्तकांचे आवाज साफ करायची. वाचणाऱ्याचा श्वास, खाकरणं, अडखळणं, सगळं कानाने टिपून काढून टाकायचं. ते काम तिने इथून कसंबसं चालू ठेवलं होतं, खिडक्या लावून, घामाघूम होऊन.

पत्त्यांत ती सुरुवातीला सडकून हरायची. चांगली पानं आली तरच खेळायची, नाहीतर ‘पॅक’ म्हणून टाकून द्यायची. आणि चांगली पानं यायला काय, नशीब लागतं. प्रत्येक डावाला पानं बघायच्या आधी चिंचोके टाकावे लागत, ते तसेच जात. बघता बघता हिच्यापुढची जागा रिकामी आणि बाबांपुढे ढीग.

“चार-सहा जण बसले असते तर चाललं असतं हे,” हणमंतराव म्हणायचे. “दोघांच्या डावात वाट बघून भागत नाही, सूनबाई. वाट बघणारा बसल्या जागी संपतो. आणि पानांकडे काय बघत बसतेस? माझ्याकडे बघ.”

आता सासऱ्याच्या तोंडाकडे टक लावून बघायचं म्हणजे तिला कसंसंच वाटायचं. म्हणून ती ऐकायला लागली. ऐकणं हा तर तिचा धंदाच.

एका दुपारी त्यांनी ढिगातले निम्मे चिंचोके पुढे सरकवले. तिच्याकडे सत्त्यांची जोडी होती, बाकी काही नाही. “एवढी चांगली आहेत पानं, बाबा?” तिने सहज विचारलं.

“हौ. जबरदस्त हैं.”

तिचे कान टवकारले. आदल्या दिवशी हेच विचारलं होतं तेव्हा ते म्हणाले होते, “हो, आहेत बऱ्यापैकी,” आणि खरंच दोन राण्या निघाल्या होत्या. आज मराठीची दखनी झाली होती. तिने चिंचोके मोजून पुढे टाकले आणि म्हणाली, “दाखवा.” त्यांच्याकडे चौकट तिर्री आणि किल्वर नव्वी होती. निव्वळ हूल.

मग तिला उलगडा झाला. बेगम बाजारात मिरच्या घेताना तिने त्यांना पाहिलं होतं. “बाजूवाला कम में देरा मियाँ, मेरेकू नक्को,” असं बिनदिक्कत ठोकून द्यायचे, आणि बाजूवाल्याकडे फिरकलेले सुद्धा नसायचे. जन्म इथला. घरात मराठी, बाजारात दखनी. खोटं बोलायची वेळ आयुष्यभर बाजारातच आली, त्यामुळे खोटं जिभेवर यायचं ते दखनीतच. आणि गंमत म्हणजे त्यांना स्वतःला याचा पत्ताच नव्हता.

त्यानंतर ती जिंकायला लागली. ‘हो’ आलं की पॅक, ‘हौ’ आलं की दाखवा. एवढंच नाही, स्वतःच्या हातात कचरा असताना ती निमूट चिंचोके सरकवायची आणि त्यांना पॅक करायला लावायची. चिंचोक्यांचा ढीग हळूहळू टेबलाच्या अलीकडे आला. हणमंतराव चिडायचे नाहीत, उलट खूश व्हायचे. “काय ओळखतेस गं तू, सांग की,” म्हणून मागे लागायचे. ती सांगायची नाही. या घरात तिच्या मालकीचं तेवढं एकच होतं.

अशात स्टुडिओच्या मालकीणबाईंचा फोन आला. सोमवारपासून स्टुडिओत येऊन बसणार असशील तर काम तुझं, नाहीतर मी दुसरी बघते. प्राजक्ताच्या तोंडचं पाणी पळालं. तिने लगेच पुष्करला फोन लावला.

“पुष्कर, आता खरंच यायला हवं मला. बाबांनाही घेऊन जाऊ. तू येतोयस ना न्यायला?”

“हौ गं,” तो हसत म्हणाला. “शनिवार कू पक्का आतूं मैं. दोनों कू लेके जातूं.”

तो नेहमीच असं बोलायचा. लाडात आला की दखनी, असं ती धरून चालली होती. आज मात्र फोन कानाला तसाच राहिला. तिने परत विचारलं, “नक्की?” तो म्हणाला, “हौ बोल्या ना मैं.” तिने “बरं” म्हटलं आणि फोन ठेवला. स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून ती उभी राहिली.

कुठे कुठे म्हणून आठवावं! फ्लॅटची लिफ्ट दुरुस्त झाली की बाबांना नेऊ, हे दखनीत. पुढच्या महिन्यात नक्की, हे दखनीत. दिवाळीत तिने एकटीचं तिकीट काढलं तेव्हा बाबा छातीवर हात ठेवून म्हणाले होते, “दिल में धडधड होरई.” तिकीट रद्द करून ती त्यांना कोठी भागातल्या डॉक्टरकडे घेऊन गेली, सगळं ठणठणीत निघालं, आणि हिने देवापुढे साखर ठेवली. आणि लग्नाआधी, नदीपात्रातल्या रस्त्यावर, पुष्कर म्हणाला होता, “तेरे बिना जी नै लगता.” तेव्हा ती हसून लोळली होती. ते तरी काय होतं, हे आता कोणाला विचारायचं?

दीड वर्ष ती चांगल्या पानांची वाट बघत बसली होती. रोज पुढ्यातलं जात होतं.

तिने शुक्रवारच्या सकाळच्या गाडीचं तिकीट काढलं. खालच्या मजल्यावरच्या भामाबाईंशी दोन्ही वेळच्या डब्याचं ठरवलं. पुष्करला नुसता निरोप टाकला, “मी येतेय. बाबांचं काय करायचं ते समोरासमोर ठरवू.” त्याचे फोन येत राहिले, तिने घेतले नाहीत. हणमंतरावांना मात्र काही सांगितलं नाही. छातीवर हात गेला असता, तर तो खोटा आहे हे माहीत असूनही तिचा पाय निघाला नसता.

शुक्रवारी बॅग बाहेर आणली तेव्हा ते खुर्चीत पेपर वाचत होते. बॅग बघून त्यांनी पेपराची घडी घातली.

“पुष्कर शनिवारी येणार होता ना?” ते म्हणाले.

“नाही येणार, बाबा.”

“हो,” ते म्हणाले. “मलाही माहीत आहे. तो येणार नाही.” स्वच्छ मराठीत. तिने मान खाली घातली. छातीवर हात कधी जातो याची ती वाट बघत होती. हात गेला नाही. ते उठले, फडताळातून तिच्यासाठी पाण्याची बाटली काढली, भरून आणली आणि बॅगेच्या कप्प्यात नीट खोचली.

“तुम्ही राहाल ना नीट?” तिने विचारलं. विचारायला नको होतं. तिचं तिलाच कळलं, पण तोवर तोंडातून गेलं होतं.

“हौ,” हणमंतराव म्हणाले. “मेरेकू क्या होता? मजे में रैतूं मैं. तू जा.”

प्राजक्ताला रडूच आलं. दीड वर्षात या माणसाने तिला अडकवण्यासाठी थापा मारल्या होत्या, आणि सोडायची वेळ आली तेव्हाही थापच मारली. आणि हूल ओळखायला त्यानेच शिकवलेलं. हिने काय करावं? दाखवा म्हणावं, की पॅक?

खाली रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. ते तिच्याकडे बघत होते, उत्तरासाठी. काहीतरी बोलायलाच हवं होतं.

“हौ बाबा,” ती म्हणाली. “जल्दीच आतूं मैं.”

दीड वर्षात तिच्या तोंडून दखनीचा शब्द निघाला नव्हता. तिने तो ऐकला, आणि त्यांनीही ऐकला. हणमंतराव तिच्याकडे बघतच राहिले. मग एकेक डाव आठवावा तसे त्यांचे ओठ हलले, ‘हौ... हो...’ आणि त्यांनी मान डोलावली.

“असं ओळखायचीस होय,” ते हळूच म्हणाले. मग म्हणाले, “आता चांगलं खेळता येतं तुला, सूनबाई.”

आणि हे ते मराठीत म्हणाले.

ते गॅलरीत गेले आणि घराकडे पाठ करून बसले. प्राजक्ता बॅग हातात धरून उंबऱ्यावर उभी राहिली. खाली रिक्षावाला परत हॉर्न वाजवत होता, आणि तिला त्या पाठीवरून नजर काढता येईना.