पान दोनशे आठनंतर लोणचं

मी कादंबरी बोलतेय. साधीसुधी नाही हं, अभिजात! मुखपृष्ठावरच छापलंय, 'तरुण मुलींनी अवश्य वाचावी.' त्या एका ओळीनं माझा घात केला. 'अवश्य' म्हटल्यावर कोणती मुलगी हात लावते? चांदूर रेल्वेच्या वाचनालयात मी वर्षानुवर्षं वरच्या फळीवर मान ताठ करून बसले. झुरळं तेवढी नेमानं यायची, आणि त्यांनाही मजकुरापेक्षा खळच आवडायची.

माझी नायिका द्वारका. तिला शिकायला परगावी जायचंय, घरचे नको म्हणतात. दोनशे पानं ती भांडते आणि रडते. जरा जास्तच रडते, मी कबूल करते. दोनशे आठव्या पानावर ती पेटी घेऊन उंबऱ्यात उभी राहते. पुढं?

पुढं लोणचं. माझी शिवण उसवली तेव्हा मी आणि एक पाककृतीचं पुस्तक एकाच गठ्ठ्यात अमरावतीच्या बाइंडरकडं गेलो. त्या भल्या माणसानं माझी शेवटची सोळा पानं हरवली आणि त्या पाककृतीच्या पुस्तकाची सोळा मला शिवली. पानांबरोबर माझा शेवटही माझ्या आठवणीतून गेला. तेव्हापासून दर उन्हाळ्यात कैऱ्या आल्या की मला मागणी! बायका मला थेट मागून उघडतात, मसाल्याचं माप उतरवून घेतात आणि परत करतात. माझ्या पानांवर आसवं नाहीत, तेलाचे डाग आहेत. आणि मी मेली कार्डावरच्या तारखा बघून फुगायचे. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा!

यंदा मला कहकशाँनं नेलं, तेही लोणच्यासाठीच. शेजारच्या मैनाबाईनं तिच्या अम्मीला, आयशाबीला, सांगितलं होतं की या पुस्तकातलं माप कधी चुकत नाही. घरात मात्र मायलेकीचा अबोला होता. कहकशाँचा अमरावतीला बीएस्सीला नंबर लागला होता, सोमवार प्रवेशाचा शेवटचा दिवस. अब्बा कबूल होते, पण आयशाबी होस्टेलचं नावही काढू देत नव्हती.

आयशाबीला उर्दू वाचता येतं, मराठी नाही. माप वाच, एवढंच म्हणाली, तर रुसलेल्या पोरीनं मुद्दाम पहिल्या पानापासून सुरुवात केली. आयशाबीनं काही तिला अडवलं नाही. एक दुपार कैऱ्या फोडताना ऐकलं, दुसरी फोडी वाळत घालताना. द्वारका रडली की ही नाक पुसायची आणि मोहरी झोंबली म्हणायची. मला तर आकाश ठेंगणं झालं.

तिसऱ्या दुपारी द्वारका उंबऱ्यात आली. कहकशाँनं पान उलटलं आणि वाचलं, "पाच किलो कैऱ्या स्वच्छ धुवून घ्याव्यात."

आयशाबीचा हात थांबला. "लोनचं राहू दे. ती पोरगी गेली का नाही, ते सांग."

"पुढची पानंच नाहीत, अम्मी."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आयशाबीनं मोहरीचं ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, "गेलीच असन. पेटी भरल्यावर कोनी पोरीले घरात बसवते काय?"

बोलून गेली खरी. मग उठली, माळ्यावरची बॅग काढली आणि फडक्यानं पुसू लागली.

कहकशाँ सोमवारी अमरावतीला गेली. बॅगेत लोणच्याची बरणी, बरणीखाली मी. पुढं कॉलेजच्या लायब्ररीत तिला माझी धड प्रत सापडली. मला काखेत धरून तिनं उभ्याउभ्या शेवटची सोळा पानं वाचली. द्वारकानं पेटी खाली ठेवली होती! आत जाऊन सगळ्यांसाठी चहा टाकला होता, आणि पुढची पंधरा पानं तिच्या त्यागाचं कौतुक. अगं बाई, हे माझ्या पोटात होतं? आणि याच पानांसाठी मी इतकी वर्षं झुरत होते! लाज वाटली मला.

कहकशाँनं ती प्रत गुपचूप फळीवर ठेवली. संध्याकाळी अम्मीचा फोन आला. जेवण विचारून झालं, पाणी विचारून झालं, मग म्हणाली, "तिथं ते पुस्तक पुरं भेटलं का तुले? गेली का ती पोरगी?"

"गेली, अम्मी."

तर एकच विनंती. मी वाचनालयात परत आले की ग्रंथपाल चंद्रभानभाऊंना सांगा, मला दुरुस्तीला पाठवू नका. शेवटी लोणचंच राहू द्या. त्याचं माप तरी खरं आहे.