सराईवालीचा खाडा

रविवारी रात्री नागपुरातल्या बहुतेक मेस बंद असतात. माझी चालू असते, कारण माझ्या लेकाने, अमोलने, इथेच जेवणाऱ्या मित्रांना परस्पर शब्द देऊन टाकला. आयजीच्या जिवावर बायजी उदार!

दुपारची पंगत उठली की अमोल, सावनेरचा वैभव, उमरेडची हर्षा आणि विक्की माझ्याच टेबलावर खेळ मांडतात. अमोल गोष्ट सांगतो, बाकीचे तिघे त्यातले शूरवीर होतात, आणि पुढे काय घडलं ते फासे ठरवतात. राक्षस मारायचे, खजिने लुटायचे, थकले की वाटेवरच्या सराईत मुक्काम. खरकटी ताटं मात्र तिथेच. ती उचलताना त्या दिवशी सराईचे दर कानावर पडले. खोलीला पाच नाणी, रस्सा-भाकर तीन.

"तीनात तं तेलबी येत नाही गा," मी म्हणाले. "एवढ्या सस्त्यात देते कोण?"

"सराईवाली देते काकू," हर्षा हसली. "खेळाच्या पुस्तकात छापलं आहे. आज तुम्हीच व्हा ना सराईवाली!"

गुडघे ठणकत होते. बसायला निमित्त मिळालं म्हणून बसले.

अमोलने आवाज जड केला. "वादळ सुटलं आहे. तीन शूरवीर दार ठोकून राहिले."

"काकू, रस्सा गरम पाहिजे," विक्की म्हणाला.

"आन् मागचे दोन दिवस आम्ही गुहेत होतो," वैभव म्हणाला, "त्याचा खाडा कापजा."

न जेवलेल्या दिवसांचे पैसे वळते करायचे, त्याला मेसमध्ये खाडा म्हणतात. पठ्ठ्या राक्षस मारून आला, पण खाडा विसरला नाही! सगळे हसले. मला मात्र हसू आलं नाही.

"तुमाले खाडा आहे. सराईवालीले नसते का गा?"

अमोलने पुस्तक चाळलं. "तसा नियम नाही आई. सराई कायम उघडी राहते."

"मंग आज बंद आहे म्हण."

"काहून?"

"सराईवाली थकली. रात्री तिले कूस पलटवता येत नाही. फोडणीचा वास आला का मळमळते. साऱ्यायले वाढून झालं का तिची भूकच मरते, आन् तू जेवली का म्हणून कोणी विचारत नाही."

फासे कोणी उचलेना. मला स्वतःचीच कीव आली, आणि रागही.

"आई," अमोल हळूच म्हणाला, "हे खेळातलंच बोलून राहिली ना तू?"

"नाही." कितीदा ओठांवर येऊन परत गेलेलं ते एकदाचं निघालं. "या महिन्यानंतर मी मेस बंद करून राहिली."

मग विक्कीने, तोंड एवढंसं करून, विचारलं, "मंग आम्ही जेवाचं कुठी काकू?"

एरवी एवढ्यावरच मी विरघळले असते.

"मले नाही माहीत बाबू," मी म्हणाले. असंही म्हणता येतं, हे मला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कळलं.