बर्नीची चक्कर

स्कारबेकच्या फुटबॉल मैदानातला उत्तरेकडचा जुना स्टँड म्हणजे लाकडी बाकांवर टाकलेलं पत्र्याचं छप्पर. मालकम आणि बर्नी तिथे तीस वर्षं शेजारी-शेजारी बसले. मालकम बसड्रायव्हर, बर्नी घरांची छपरं शाकारणारा. दोघेही आता निवृत्त. क्लबने छप्पर उतरवून वर आणखी एक मजला चढवला, तेव्हा जुन्या लोकांना निरोप आला: या, बसून बघा, आवडेल ती जागा मोसमभरासाठी घ्या.

बर्नीने हिवाळाभर एकच धोशा लावला होता. "सगळ्यात वर! तिथून मैदान कसं तळहातावर घेतल्यासारखं दिसेल!"

मालकम हो म्हणत राहिला. वसंतापासून त्याला धाप लागत होती. हृदय अशक्त झालंय, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. हे त्याची बायको जोन सोडून कोणाला ठाऊक नव्हतं. बर्नीला सांगायचं म्हणजे तरी कसं? दुखण्याखुपण्याचं त्या दोघांत कधी बोलणंच नसे. बर्नीची बायको गेली, त्या शनिवारीही दोघे पूर्ण नव्वद मिनिटं डाव्या बगलेच्या बचावपटूला शिव्या घालत होते, आणि घरी जाताना दोघांनाही जरा बरं वाटलं होतं.

दारात क्लबची सायमा उभी होती. "फिरा काका निवांत. हिरवी चिठ्ठी असेल ती जागा मोकळी."

बर्नी बकरीसारखा टणाटण जिना चढत गेला. मालकम पहिल्या वळणावर बुटाची नाडी बांधायला वाकला. दुसऱ्या वळणावर पुन्हा वाकला. मग मैदान बघण्याच्या मिषाने कठड्याला टेकला आणि शेवटच्या पायऱ्यांआधी परत एकदा नाडीसाठी थांबला. वर पोचला तेव्हा छातीत लोहाराचा भाता चालला होता.

बर्नी हात पसरून बसला होता. समोरच्या स्टँडच्या पलीकडे सगळं गाव दिसत होतं. गिरणीची चिमणी आणि तिच्यामागे करडे डोंगर. "तो चर्चचा कळस बघ. दोनदा शाकारलाय मी! अरे, बघ तरी!"

मालकमने मान हलवली. शब्द फुटेना.

बर्नीने त्याच्याकडे एकदा पाहिलं. मग पुढची खुर्ची घट्ट धरून म्हणाला, "मालकम, मला गरगरतंय."

"काय?"

"उंचीने. खाली बघवत नाही. चल, उतरू या."

मालकमला राग आला. दम परत यायला लागला तसा रागही वाढला. "जन्मभर छपरांवर नाचलास, आणि आता चक्कर?"

"वयाने येते."

"जोनने सांगितलं ना तुला? मला कोणाची दया नको, बर्नी!"

"जोन कशाला सांगेल? गाढवा, वरून बघत होतो मी. नाडी बांधायला तीनदा वाकलास. तुझ्या बुटांना नाडी आहे कुठे?"

मालकमने खाली पाहिलं. वाकावं लागू नये म्हणून जोनने मुद्दाम आणलेले, नुसते पाय सरकवायचे बूट होते ते. त्याला हसू फुटलं, हसता हसता खोकला आला, आणि खोकला थांबल्यावर त्याने सांगून टाकलं, "हृदय. निम्म्यानेच चालतंय म्हणे."

बर्नीने पुढची खुर्ची सोडली. "डाव्या बगलेच्या त्या पोरापेक्षा जास्तच चालतंय की मग."

"तू वर घे. मी खाली बसेन."

"आणि शिव्या कोणाबरोबर घालू? इथल्या कावळ्यांबरोबर?"

मालकमने पुन्हा दोनदा आग्रह केला. बर्नी ऐकेना. शेवटी त्यांनी खालची चौथी रांग घेतली, दाराजवळची, कोपऱ्यातल्या झेंड्याच्या बाजूची. वरून निघताना बर्नी मात्र जिन्याच्या तोंडाशी वळून गावाकडे बघत क्षणभर थांबला होता. मालकमने ते पाहिलं आणि घरी पोचेपर्यंत त्याच्या मनातून ते गेलं नाही. एका माणसाच्या छातीपायी दुसऱ्याचं गाव गेलं, असं त्याला वाटत राहिलं.

ऑगस्टमधल्या पहिल्या सामन्यात तिरपा पाऊस आला आणि चौथ्या रांगेपर्यंत सगळ्यांना भिजवून गेला. पहिला गोल पलीकडच्या टोकाला झाला. सगळा स्टँड उठला. मालकम सावकाश उभा राहीपर्यंत लोक बसलेसुद्धा.

"कोणी मारला?"

"देव जाणे. मला पुढच्याची पाठ दिसली."

"वर असतो तर दिसला असता."

"वर असतो तर तू अजून जिन्यातच असतास." बर्नीने थर्मासमधला चहा ओतून त्याच्या हातात दिला.

मालकमने दोन घोट घेतले. खेळ पुन्हा सुरू झाला होता. "बुधवारी हॉस्पिटलात जायचंय," तो म्हणाला. "तपासणीनंतर गाडी चालवायची नाही, असं सांगितलंय. आणि जोनला चालवता येत नाही."

बर्नीने मैदानावरची नजर हलवली नाही. "किती वाजता येऊ?"