येऊन राहिलो

मालिकेतला इन्स्पेक्टर प्रश्न विचारल्यावर सरासरी चार सेकंद गप्प राहतो. मी हाताच्या घड्याळावर अकरा वेळा मोजलं. सर्वांत कमी तीन, सर्वांत जास्त सात. तेवढा वेळ तो साक्षीदाराकडे बघतो, कागदाकडे नाही.

माझ्या घरमालकीण यमुताई यांच्या पुढच्या खोलीत रविवारी सकाळी टीव्हीवरची ही हिंदी मालिका बघायला पंधरा-सोळा माणसं बसतात. गेल्या वर्षी ती पहिल्यांदा लागली होती. यंदा पुन्हा दाखवतात. प्रत्येक भागातला चोर कोण, हे आता सगळ्यांना पाठ आहे. तरी गर्दी तेवढीच.

"काय गा कवडू," भाग संपल्यावर यमुताई म्हणाल्या, "चोर मालूम असून तू पुन्हा काहून पाहून राहिला?"

"तुमी रोज वरण खाता, त्याची चव मालूम नाही का?"

लोक हसले. यमुताईही हसल्या. "पण यात ना मारामारी, ना गाणं. नुसते बोलतेत."

कवडू म्हणाला, "तो इन्स्पेक्टर बयान लिहिते अन् मंग वाचून दाखवते ना ताई. 'आपने यही कहा था?' म्हणून विचारते. गरीब असो का सेठ असो. मले तेच पाहाले आवडते. पकडणं त काय, कोनीबी पकडते."

मी दाराजवळच्या वेताच्या मोड्यावर बसले होते. खाली बघत राहिले.

कवडू आमच्या कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिपाई होता. मी तिथे शिकवते. जानेवारीत तिथली प्लॅटिनमची मूस, म्हणजे पदार्थ तापवायची महागडी वाटी, नाहीशी झाली. प्राचार्यांनी त्याच दिवशी सगळ्यांचे जबाब घ्यायला सांगितले आणि माझं अक्षर चांगलं म्हणून लिहायचं काम माझ्याकडे आलं. मूस गेली त्या सुमारास, साडेपाच वाजता, तू कुठे होतास, असं कवडूला विचारलं. तो म्हणाला, "मी लॅबमंदी येऊन राहिलो होतो, त दरवाजा उघडाच दिसला."

मी साताऱ्याची. लग्न होऊन नागपूरला आले त्याला तेव्हा सहा महिने झाले होते. जबाब शुद्ध मराठीत असावा, असं मला वाटलं. मी लिहिलं: 'मी प्रयोगशाळेत येऊन थांबलो होतो. दरवाजा उघडा होता.'

वाचून दाखवलं नाही. कवडूनेही मागितलं नाही. "मॅडमनं लिहिलं म्हनजे बरोबरच असन," म्हणाला आणि सही केली. म्हणजे साडेपाचला तो आत एकटा होता, हे त्याच्याच सहीने सिद्ध झालं. तो निलंबित झाला. आता जरीपटका भागातल्या बाजारात कापडाचे गठ्ठे उचलतो.

एप्रिलमध्ये एकदा मी खालून यमुताईंना हाक मारली. "येऊन राहिली वं!" असं उत्तर आलं. मी जिन्याकडे पाहिलं. जिना रिकामा होता. त्या दहा मिनिटांनी उतरल्या. मी विचारलं, "आले म्हणालात ना?" त्या म्हणाल्या, "येऊन राहिली म्हनलं. आली कुठं म्हनलं?"

मला कवडूचा जबाब आठवला. इथे 'येऊन राहिलो होतो' म्हणजे 'येत होतो'. कवडू येत होता. कुणीतरी त्याच्या आधी दार उघडलेलं होतं. कुणी, हे कुणी शोधलंच नाही, कारण माझ्या कागदाने शोध तिथेच संपवला होता.

तेव्हापासून मी प्राचार्यांना द्यायच्या पत्राचे तीन मसुदे केले. तिन्हींत 'संदिग्धता' हा शब्द होता, 'माझी चूक' हे शब्द नव्हते. माझी नोकरी जूनमध्ये कायम व्हायची होती, म्हणून जून जाऊ दे असं ठरवलं. जून गेला. नोकरी कायम झाली. मग प्रवेश होते, मग चाचणी परीक्षा होत्या. सप्टेंबर उजाडला.

"उद्या तुह्या चौकशीची आखरी बैठक ना गा?" यमुताईंनी कवडूला विचारलं.

"हो."

"मंग? काय सांगशीन?"

"आता काय सांगाचं? तवा सांगतलं ते मॅडमनं लिहून घेतलं. तेच वाचतीन." तो माझ्याकडे वळला. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. "तुमी उद्या असान ना, मॅडम? ओळखीचं कोनी असलं म्हनजे बरं वाटते."

लोक उठू लागले होते. कुणीतरी चपला शोधत होतं. यमुताईंनी टीव्ही बंद केला.

"कवडूभाऊ, बसा जरा," मी म्हणाले. "यमुताई, तुम्हीही ऐका."

तो बसला.

"तुम्ही 'येऊन राहिलो होतो' म्हणालात. मी 'येऊन थांबलो होतो' लिहिलं. तुम्ही येत होता आणि मी तुम्हाला आधीच आत उभं केलं. चूक माझी आहे आणि ती मला एप्रिलपासून ठाऊक आहे. उद्या बैठकीत सगळ्यांत आधी मी बोलणार आहे. हेच सांगणार आहे, आणि एप्रिलपासून गप्प होते, तेही सांगणार आहे."